एक बल्ब तसाच ठेवला

बाबांची गाडी मी चालवायला घेतली तेव्हा तिच्या स्पीडोमीटरचा ६० ते ९० मधला भाग रात्री दिसतच नसे. काटा साठाच्या पुढे गेला की अंधारात शिरायचा आणि शंभराच्या आसपास पुन्हा उजेडात यायचा. बाबांना त्याची सवय झाली होती. "इंजिनच्या आवाजावरून कळतं गं," असं ते म्हणायचे. मला कळत नव्हतं. रात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर आपण सत्तरने चाललोय की ऐंशीने हे मला डोळ्यांनी बघायचं होतं.

नुसता गेलेला बल्ब बदलूनही भागलं असतं, हे आधीच सांगते. पण मीटर बाहेर काढणं हेच खरं काम असतं, बल्ब बदलायला दोन मिनिटं पुरतात. एक बल्ब गेला म्हणजे त्याच्याच वयाचे बाकीचेही आता कधीही जाणार. वर्षभरात तीनदा डॅशबोर्ड उघडण्यापेक्षा एकदाच सगळे एलईडी करून टाकावेत, असं ठरवलं. एलईडी तापतात कमी, खड्ड्यांच्या हादऱ्यांनी तुटायला त्यांच्यात तार नसते आणि चांगले मिळाले तर गाडीइतके टिकतात. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र त्या जुन्या बल्बांपैकी प्रत्येकाकडे नेमकं काय काम होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ते एकेक करून कळत गेलं.

माझ्या गाडीत दोन मापांचे बल्ब निघाले. आकड्यांमागे उजेड पाडणारे चार टी१० आणि इशाऱ्याच्या चिन्हांमागे छोटे टी५. टी१० म्हणजे काचेचा व्यास साधारण १० मिलिमीटर, टी५ म्हणजे ५. दोन्हींना धातूची टोपी नसते. काचेचं बूड चपटं केलेलं असतं आणि दोन तारा त्यावरून दुमडलेल्या असतात. असा बल्ब होल्डरमध्ये नुसता दाबून बसतो. एलईडी मागवण्याआधी एक बल्ब हातात घेऊन माप बघितलेलं बरं, कारण एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांतही बल्ब वेगळे सापडतात.

सुट्टीच्या दिवशी सकाळी काम काढलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह सोडवली, १० नंबरच्या पान्याने. मग पंधरा मिनिटं काहीच केलं नाही. ज्या गाडीत एअरबॅग आहे तिथे स्टिअरिंगच्या आसपास हात घालण्याआधी एवढं थांबायलाच हवं, कारण बॅटरी सुटली तरी एअरबॅगच्या यंत्रणेत थोडा वेळ चार्ज शिल्लक असतो. या बाबतीत घाई करू नका, एवढं मी कळकळीने सांगेन. दुसरी तशीच गोष्ट म्हणजे मीटरचा कपलर, म्हणजे मागच्या वायरींचा जोड, काढलेला असताना किल्ली ऑन करायची नाही. एअरबॅगचा दिवा मीटरमध्येच असतो. तो जागेवर सापडला नाही तर गाडीच्या मेमरीत दोष नोंदवला जाऊ शकतो आणि मग तो घालवायला स्कॅनर लागतो.

स्टिअरिंग खाली केलं, त्याच्या कव्हरवर जुनी चादर टाकली. मीटरभोवतीच्या काळ्या चौकटीला वरून दोन स्टार स्क्रू होते, बाकी ती क्लिपांवर होती. प्लास्टिकच्या पट्टीने कडेकडेने उचकत नेली तशी ती सुटली. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने उचकली असती तर कडा कुरतडली गेली असती. आत मीटरचे तीन स्क्रू. ते काढून मीटर पुढे कलता केला आणि मागे हात घालून कपलरची जीभ चाचपत राहिले. जीभ दाबायची आणि कपलर ओढायचा, हे दोन्ही एकाच हाताने, न बघता करायचं असतं. मनगटावर ओरखडे उमटले. सगळे स्क्रू बाबांच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवले. तिला आठवड्याचे सात कप्पे आहेत: सोमवारी चौकटीचे स्क्रू, मंगळवारी मीटरचे. त्या डबीमुळे बसवताना एकदाही शोधाशोध करावी लागली नाही.

मीटर उलटा करून टेबलावर घेतला. पाठीला सर्किट बोर्ड नव्हताच. पातळ, वाकणारी प्लास्टिकची पट्टी होती आणि तिच्यावर तांब्याच्या रेषा. त्या पट्टीतल्या भोकांमधून होल्डर पाव वळसा फिरवून बसवलेले होते. होल्डरच्या कडेचे दोन पितळी ओठ तांब्याला टेकतात, एवढाच काय तो जोड. होल्डर जोरात फिरवला तर ते ओठ तांब्याची रेषा खरवडून उचलतात, आणि ती एकदा उचलली गेली की दुरुस्ती नाजूक होते. म्हणून एका बोटाने पट्टी दाबून धरायची आणि दुसऱ्या हाताने होल्डर सावकाश फिरवायचा.

पहिला बल्ब बाहेर आला. त्यावर हिरव्या रबराची टोपी होती. आमच्या मीटरचा हिरवा उजेड त्या टोपीतून येत होता, हे तेव्हा कळलं. उष्णतेने टोपी इतकी वाळली होती की चिमटीत धरताच तिचे चार तुकडे झाले. खालच्या काचेवर आतून करडा मुलामा चढला होता. तारेचं टंगस्टन वर्षानुवर्षं उडून काचेवर बसतं, तोच हा काजळ. म्हणजे जो बल्ब 'चालू' होता त्याचाही निम्मा उजेड आतल्या आत अडत होता. मेलेला बल्ब स्पीडोमीटरच्या उजव्या बाजूचा निघाला, पण खरं तर चारही म्हातारे झाले होते.

आता रंगाचं. इथे मी पहिली चूक केली. निळसर एलईडी मागवले होते, चित्रात फार देखणे दिसत होते. ते लावून, मीटर तात्पुरता जोडून, अंधार पडल्यावर किल्ली ऑन केली. आकडे निळे झाले, पण आमच्या मीटरचे काटे लाल आहेत आणि ते जवळजवळ विझले. आरपीएमच्या, म्हणजे इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरच्या, शेवटची लाल पट्टीही काळपट झाली. कारण साधं आहे. लाल प्लास्टिक आणि लाल शाई फक्त लाल प्रकाश पुढे जाऊ देतात. बल्बच्या पिवळ्या उजेडात लाल भरपूर असतो, निळ्या एलईडीत तो नसतोच. ज्या काट्यासाठी एवढा खटाटोप मांडला तोच दिसेनासा झाला.

निळ्याची आणखी एक तक्रार आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. डोळ्याला अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि निळा प्रकाश ती सवय लाल किंवा पिवळ्या प्रकाशापेक्षा लवकर मोडतो. शिवाय निळी किरणं डोळ्यात नीट एका जागी जुळत नाहीत, त्यामुळे निळे आकडे कडेने फिस्कटल्यासारखे दिसतात. त्या दिवशी उभ्या गाडीत दहा मिनिटं बसून नजर वर केली तर समोरची भिंत मला आधीपेक्षा काळी वाटली. निळे सगळे परत काढले आणि पिवळसर पांढरे मागवले, ज्यांना वॉर्म व्हाइट म्हणतात ते.

पांढरा एलईडी मुळात निळाच असतो, ही गोष्ट मला या निमित्ताने नव्याने आवडली. निळ्या चिपवर पिवळा फॉस्फर, म्हणजे निळा उजेड शोषून पिवळा देणारा लेप, चढवतात, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. लाल एलईडी १९६२ साली आला, पण चांगला तेजस्वी निळा मिळायला नव्वदचं दशक उजाडावं लागलं. त्याच कामासाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली नोबेल मिळालं. वॉर्म व्हाइटमध्ये फॉस्फरचा भाग जास्त असतो, म्हणून त्याच्या उजेडात लालही बऱ्यापैकी असतो आणि लाल काटा लालच दिसतो. हिरवा रंग मात्र गेला. बाबांना त्याची थोडी हळहळ वाटली.

नवे एलईडी आले तेव्हा चारांतले दोन लागलेच नाहीत. त्यात बिघाड नव्हता. बल्बला कुठूनही वीज दिली तरी चालते, एलईडीला प्लस आणि मायनस ठरलेले असतात. होल्डरमधून काढायचा, अर्धा वळसा फिरवून उलटा लावायचा. मीटर गाडीत बसवण्याआधी हे तपासून घ्यावं, नाहीतर दोन एलईडींसाठी पुन्हा मनगट सोलून घ्यावं लागतं.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो उजेडाच्या ठिपक्यांनी. किल्ली ऑन केली तर आकड्यांच्या मागे दोन पांढरे गोळे, आणि शून्याकडे, टोकांकडे, जवळजवळ काळोख. एकूण उजेड आधीपेक्षा कितीतरी जास्त, तरीही वाचायला आधीपेक्षा त्रास. मीटर पुन्हा काढला आणि जुना बल्ब एका हातात, एलईडी दुसऱ्या हातात धरून बराच वेळ बघत बसले. बल्बची तार काचेच्या मधोमध असते आणि चहूबाजूंना उजेड फेकते. मीटरच्या आत पांढऱ्या प्लास्टिकची एक पोकळी केलेली असते. बल्बचा उजेड आधी तिच्या भिंतींवर आपटतो, तिथून परततो आणि मग आकड्यांपर्यंत पोचतो. म्हणजे आकड्यांना उजेड मिळत होता तो बल्बकडून कमी आणि त्या भिंतींकडून जास्त. माझ्या एलईडीला टोकावर एकच चिप होती, तिचा सगळा उजेड नाकासमोर. भिंतींना तो कळलाच नाही.

मग टोकावर एक आणि चारी कडांना एकेक चिप असलेले एलईडी घेतले. फरक लगेच दिसला, पण मधला ठिपका पूर्ण गेला नव्हता. म्हणून मीटर आणखी उघडायचं ठरवलं. पुढची पारदर्शक काच, म्हणजे खरं तर प्लास्टिक, क्लिपांवर होती. पाठीमागच्या तांब्याच्या पट्टीवर छोटे स्क्रू होते. ते स्पीडोमीटरला धरूनही ठेवतात आणि वीजही पोचवतात. ते काढले की स्पीडोमीटर डायल आणि काट्यासकट अख्खा वर उचलला जातो. काटा उपटायची गरज पडत नाही. ज्या मीटरमध्ये काटा उपटल्याशिवाय आत जाता येत नाही तिथे मी हा प्रयोग केला नसता. काटा परत बसवताना थोडा जरी तिरका बसला तर मीटर कायमचं खोटं बोलू लागतं, आणि उजेड सुंदर असून वेग चुकीचा दाखवणाऱ्या मीटरचा काही उपयोग नाही.

पोकळी उघडी झाली तेव्हा आत चार तपकिरी वर्तुळं दिसली. प्रत्येक बल्बभोवती पांढरं प्लास्टिक चहाच्या डागासारखं भाजलेलं होतं, कडेला फिकट आणि मध्ये गडद. इतकी वर्षं तीन-चार वॅटचे चार बल्ब त्या बंद जागेत तापत होते, त्याची ती खूण. ते डाग आता उजेड गिळत होते. ओल्या फडक्याने पुसून पाहिलं, पुसले जाण्यासारखे नव्हते. पातळ ब्रशने मॅट पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि रात्रभर वाळू दिलं. मग ट्रेसिंग पेपरचा एक तुकडा पोकळीच्या तोंडाच्या मापाने कापून डायलच्या मागे कडेकडेने चिकटवला, एलईडीपासून लांब. जुन्या बल्बांसमोर मी कागद ठेवला नसता. एलईडी आतापर्यंत त्याला साधा पिवळाही करू शकलेले नाहीत.

काच पुसताना मात्र सांभाळायचं. स्पिरिट किंवा अल्कोहोलने अशा प्लास्टिकला बारीक तडे जाऊ शकतात. मऊ, ओलसर फडकं पुरे. आणि बंद करण्याआधी डायलवर बोटाचा ठसा तर नाही ना, हे तिरक्या उजेडात बघून घ्यावं. तो दिवसा दिसत नाही, रात्री दिसतो.

आता इशाऱ्याच्या दिव्यांकडे येते. एकदा उघडलंच आहे तर टी५ सुद्धा एलईडी करावेत, म्हणून तेही बदलले होते. इंडिकेटरचा दिवा डावीकडे लागे, उजवीकडे लागेना. आमच्या मीटरमध्ये दोन्ही बाजूंना मिळून एकच हिरवा बाण आहे. अशा जुन्या जोडणीत त्या बल्बचं एक टोक डाव्या इंडिकेटरच्या वायरला असतं आणि दुसरं उजव्याच्या. डावा लावला की वीज बल्बमधून जाऊन उजवीकडच्या दिव्यांतून गाडीच्या बॉडीला, म्हणजे मायनसला, मिळते, उजवा लावला की उलट. बल्बला दोन्ही दिशा सारख्याच, एलईडीला एकच चालते. दोन्ही दिशांनी लागणारे एलईडी मिळतात, आतमध्ये चार डायोडचा ब्रिज असतो, तो वीज कुठूनही आली तरी एलईडीला हव्या त्याच दिशेने वळवतो. मी तसा घेतला.

मीटर बसवलं, गाडी सुरू केली. तेलाचा दिवा विझला, हँडब्रेकचा विझला, बॅटरीचा विझेना. मंद, लालसर लागूनच राहिला. वाटलं, एलईडीला अगदी थोडी वीजही पुरते, कुठूनतरी गळून येत असेल. पण खात्री करावी म्हणून बॅटरीवर मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं यंत्र, लावला. इंजिन चालू आणि आकडा १२.३ व्होल्ट. तो चौदाच्या आसपास असायला हवा होता. बाबांना म्हटलं, जरा ॲक्सिलरेटर द्या. आरपीएम तीन हजाराच्या जवळ गेला आणि आकडा एकदम १४.२ वर उडाला, दिवाही विझला. बंद करून पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच.

आमच्या ओळखीतले एक काका आयुष्यभर गाड्यांचं वायरिंग करत आले. त्यांना फोन लावला. सगळं ऐकूनही घेतलं नाही त्यांनी.

"बॅटरीचा दिवा पण एलईडी केलास का?"

"हो काका, सगळेच केले."

"तो आधी जुना लाव. तो दिवा नाहीये नुसता. अल्टरनेटरला जागं करतो तो."

मग त्यांनी समजावून सांगितलं. अल्टरनेटर वीज तयार करतो, पण सुरुवातीला त्याच्या आतल्या कॉइलला थोडी वीज बाहेरून द्यावी लागते, तेव्हा तिथे चुंबकत्व येतं. जुन्या पद्धतीच्या गाड्यांत ती वीज बॅटरीच्या दिव्यातून जाते. बल्ब ती मोकळेपणाने जाऊ देतो. एलईडी स्वतःपुरती चिमूटभर ओढतो, तेवढ्यात अल्टरनेटर जागा होत नाही. इंजिन जोरात फिरलं की लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर तो कसाबसा उठतो, म्हणून तीन हजाराला आकडा उडाला होता. नव्या गाड्यांत अल्टरनेटरला हुकूम कॉम्प्युटरकडून जातो, तिथे हा प्रश्न येत नाही. एलईडीच ठेवायचा असेल तर त्याच्याशेजारी समांतर रेझिस्टर, म्हणजे विजेला दुसरी वाट देणारा रोधक, लावतात. पण तो रेझिस्टर दिवा लागलेला असताना चांगला तापतो आणि मला त्या पातळ पट्टीवर तापणारी वस्तू नको होती.

जुना टी५ परत लावला. गाडी सुरू करताच १४.२.

हे कळलं नसतं तर काय झालं असतं, हे मनात येऊन जातं. शहरात कमी आरपीएमवर, रात्री हेडलाइट लावून, बॅटरी हळूहळू उतरत राहिली असती आणि जो दिवा हे सांगायला बसवलेला आहे त्याच्याच मंद लालीला मी गळती समजून सोडून दिलं असतं. म्हणून हे काम केल्यावर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर एकदा मल्टीमीटर लावाच. बाकी सगळं जमलं नाही तरी चालेल.

मीटरचा उजेड कमीजास्त करायचं चाक असतं, त्या डिमरचं थोडक्यात सांगते. आमचा डिमर जुन्या प्रकारचा, म्हणजे वाटेत बसवलेला कमीजास्त होणारा रेझिस्टर. जितका प्रवाह जास्त तितकं व्होल्टेज तो अडवतो. बल्ब भरपूर प्रवाह ओढत, म्हणून तो त्यांना छान मंद करी. एलईडींचा प्रवाह इतका थोडा की चाक फिरवून फिरवून फरक जेमतेम पडला. एसीच्या पॅनलमागचे बल्ब मी बदलले नाहीत, तेही त्याच वायरवर आहेत, त्यांच्यामुळे थोडा तरी उतार मिळतो. शेवटी मी डिमरवर विसंबणं सोडलं आणि सगळ्यात कमी तेजाचे एलईडी निवडले. ट्रेसिंग पेपरनेही आणखी थोडा उजेड खाल्ला. पहिल्या प्रयत्नात मीटर जितका लखलखत होता त्याच्या कदाचित चौथ्या हिश्शावर आता आहे आणि तेवढाच हवा होता.

गेल्या आठवड्यात बाबांना घेऊन रात्रीचा लांबचा प्रवास केला. ते शेजारी बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग वाकून बघत म्हणाले, "पंच्याहत्तर?"

"बहात्तर," मी म्हटलं. त्यांच्या बाजूने काटा थोडा पुढे दिसतो.

वाटेत एकदा थांबलो आणि पुन्हा गाडी सुरू केली. किल्ली फिरवली तसे सगळे दिवे एकदम लागले. इंजिन उचललं तसे ते पटकन विझले. बॅटरीचा मात्र तसा विझत नाही. त्याची तार आधी पिवळी, मग नारिंगी, मग अगदी गडद लाल होते आणि मग तो मावळतो. तेवढ्या क्षणभर मी थांबते आणि मग गिअर टाकते.